पूर ओसरल्यावर दारात उभा राहणारा ठेकेदार

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगड, रत्नागिरीतल्या हजारो घरांची कौले आणि पत्रे उडाले. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, त्याच वेळी सावित्रीचे पाणी महाड शहरात. 26 जुलै 2005 चा पाऊस तर मुंबई-भिवंडीपासून कोकणापर्यंत कुणीच विसरलेले नाही. कापडाच्या व्यवहारामुळे या तिन्ही वेळी मला पाण्यात गेलेल्या गावांत जावे लागले. उधारी मागायला नव्हे, कारण अशा वेळी उधारी मागणारा व्यापारी पुढची वीस वर्षे त्या गावात माल विकू शकत नाही. ग्राहकांची विचारपूस करायला जावे लागले.

तिन्ही वेळी एक गोष्ट सारखीच दिसली. पहिल्या दिवशी शेजारी येतो. दुसऱ्या दिवशी मशिदीचे आणि मंडळांचे तरुण पाणी, बिस्किटे, चादरी घेऊन येतात. तिसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येतो. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, अजून वीजही आलेली नसते तेव्हा, छापील कार्ड हातात घेऊन एक अनोळखी ठेकेदार येतो. गाळ उपसून देतो, गिलावा करून देतो, वायरिंग, शटर, पत्रे सगळे करून देतो म्हणतो. मग आवाज थोडा खाली आणून विचारतो, "विमा आहे ना? मग तुम्हाला खिशातून एक पैसा घालायचा नाही. दावाही आम्हीच पास करून आणू."

या शेवटच्या वाक्यापासून घरमालकाने सावध व्हायचे आहे. सगळे ठेकेदार असे नसतात हे मी आधीच सांगतो. आपल्या वाचकांत गवंडी, सुतार, पत्र्याचे काम करणारे, वायरमन, रंगारी पुष्कळ आहेत आणि आपत्तीनंतर अर्धे गाव त्यांच्याच हातांनी उभे राहते. पण या लबाडीत घरमालकाइतकाच तो प्रामाणिक कारागीरही मारला जातो, म्हणून हा विषय दोघांचाही आहे.

विमा घ्यावा की घेऊ नये, तो जायज आहे की नाही, हा प्रश्न उलेमांचा आहे. त्यात मी पडत नाही. पण ज्याने घरासाठी किंवा दुकानासाठी बँकेचे कर्ज घेतले आहे त्याच्या मालमत्तेचा विमा बहुतेक वेळा बँकेनेच काढलेला असतो आणि हप्ता त्याच्याच खात्यातून कापला जातो. पुष्कळांना हे पूर आल्यावर कळते. पॉलिसीचा कागद कधी पाहिलेला नसतो, कंपनीचे नावही ठाऊक नसते. ठगाला असाच ग्राहक हवा असतो.

फ्लोरिडात काय झाले

हा धंदा किती वाढू शकतो हे पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याकडे पाहावे. तिथे जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. वादळ गेले की छपराचे ठेकेदार गल्लोगल्ली दारे ठोठावत. फुकट छप्पर तपासून देतो म्हणत, वर चढत, आणि खाली येऊन सांगत की छप्पर पूर्ण गेले आहे, नवे बसवून देतो, खर्च विमा कंपनीचा. त्यासाठी मालकाने फक्त एका कागदावर सही करायची. त्या कागदाला तिथे ‘असाइनमेंट ऑफ बेनिफिट्स’ म्हणत. त्याचा सरळ अर्थ असा की पॉलिसीतून पैसे मागण्याचा माझा हक्क मी या ठेकेदाराच्या नावे करून देतो.

सही झाली की त्या दाव्यातली मालकाची सत्ता गेली. ठेकेदार वाटेल तेवढे बिल लावी. कंपनीने ते कापले तर वकील गाठून खटला भरी. तिथल्या कायद्यात अशी सोय होती की खटला जिंकला तर वकिलाची फी कंपनीने द्यायची आणि हरला तर कंपनीचा खर्च दुसऱ्या बाजूवर पडत नसे. मग खटले का थांबतील? फ्लोरिडाच्या विमा नियामकानेच दिलेल्या आकड्यांप्रमाणे 2019 साली साऱ्या अमेरिकेतल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी सुमारे 8 टक्के दावे त्या राज्यातले होते, पण घरविम्याच्या खटल्यांपैकी 76 टक्क्यांहून अधिक एकट्या त्या राज्यात होते. कित्येक कंपन्या बुडाल्या, कित्येकांनी राज्य सोडले. ज्याने आयुष्यात कधी दावा केला नव्हता त्या म्हाताऱ्या घरमालकाचाही हप्ता वाढला. 2019 मध्ये सरकारने या कागदावर बंधने घातली. ती पुरली नाहीत. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये कायदा झाला की 1 जानेवारी 2023 पासून निघालेल्या पॉलिसीचा हक्क असा ठेकेदाराच्या नावे करताच येणार नाही.

टेक्सास राज्यात दुसरी युक्ती चाले. नुकसानीचा पहिला ठरलेला हिस्सा पॉलिसीधारकाने स्वतः सोसायचा असतो. ठेकेदार म्हणे, "तो हिस्सा मी सोडून देतो," आणि तेवढी रक्कम बिलात वाढवून कंपनीकडून काढी. 2019 मध्ये टेक्सासने हा गुन्हा ठरवला.

विमा कंपन्यांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. दावे अडवून ठेवणे, कमी पैसे देणे हे तिथेही होते आणि घरमालक वैतागून सही करत होता. कंपनी वेळेवर आणि पूर्ण पैसे देत असती तर ठेकेदाराच्या त्या कागदाला गिऱ्हाईक मिळाले नसते. आपल्याकडेही दलालाचे दुकान याच कारणाने चालते.

आपल्या गावातला प्रकार

आपल्याकडे तो अमेरिकन कागद नाही, पण त्याचे भाऊबंद आहेत. कोऱ्या दावाअर्जावर सही. मुखत्यारपत्र. सही केलेला कोरा धनादेश. "दाव्याच्या 25 टक्के आमचे" असा साध्या कागदावरचा करार. बँकेचे पासबुक आणि मोबाईलवर आलेला ओटीपी.

2021 च्या पुरानंतर चिपळूणमधल्या आमच्या एका जुन्या ग्राहकाकडे मी गेलो होतो. सत्तरीचे गृहस्थ, मी त्यांना चाचाच म्हणतो. खाली कापडाचे छोटे दुकान, वर घर, कोकणातल्या पेठेत असते तसे. दुकान छतापर्यंत बुडाले होते आणि वरच्या मजल्यावर गुडघाभर पाणी चढले होते. मी पोचलो तेव्हा दोन माणसे तिथे बसलेली होती आणि खालच्या भिंतींचा गिलावा निम्मा तोडून झालेला होता. चाचांनी 60,000 रुपये रोख बयाणा दिला होता. पावती नव्हती. अंदाजपत्रक 7,40,000 रुपयांचे होते आणि त्यात ‘संपूर्ण दुरुस्ती’ एवढाच एक शब्द. मी कागद वाचायला मागितला तर एकजण हसून म्हणाला, "शेठ, हे विम्याचे काम आहे, तुमच्या कापडाचे नाही. चाचा, तुम्ही फक्त सही करा, बाकी आमच्यावर सोडा."

चाची पडद्याआडून म्हणाल्या, "सही करू नका. भिंतीला वरून तडा दहा वर्षांचा आहे, तो यांनी पुरात कसा लिहिला?"

त्या एका प्रश्नावर अडीच तास वाद झाला आणि सही राहिली. नंतर गावातल्याच मिस्त्रीने टेप लावून, भिंत भिंत मोजून अंदाज दिला, तो 3,10,000 चा निघाला. पण नुकसान व्हायचे ते झाले होते. कंपनीचा सर्व्हेयर नवव्या दिवशी आला तेव्हा खालचा गिलावा जागेवर नव्हता. पाण्याने खराब झाला की हाताने पाडला, हे ठरवायला त्याच्यापाशी काही नव्हते. त्या भिंतींची रक्कम अहवालात धरली गेली नाही. वायरिंग, शटर आणि माल यांचे पैसे मिळाले, तेही नातवाने पहिल्या सकाळी मोबाईलवर काढलेल्या फोटोंमुळे. 60,000 रुपये घेऊन गेलेल्यांचा फोन दुसऱ्याच आठवड्यात बंद झाला. कार्डावरचा पत्ता पुण्याचा होता. तिथे भाड्याची खोली निघाली.

जुना तडा पुरात लिहिणे ही साधी गोष्ट वाटते. तशी ती नाही. झीज, जुनी ओल, वाळवी, आधीपासूनचे तडे हे पॉलिसीत येत नाहीत. आणि प्रत्येक मालमत्ता विम्यात एक अट असते की दावा कोणत्याही बाबतीत खोटा असला तर पॉलिसीचे सगळे लाभ जातात. म्हणजे 3 लाखांच्या खऱ्या नुकसानीवर 4 लाख खोटे चढवले तर खरे 3 लाखही धोक्यात येतात. अर्जावर सही ठेकेदाराची नसते, मालकाची असते. कंपनीने गुन्हा दाखल केला तर पोलीस ज्याची सही आहे त्याच्या दारात येतात. दुसऱ्याच्या पैशाची अमानत आणि खोटी साक्ष यांविषयी आपल्याला नव्याने काही सांगायला नको.

सर्व्हेयर कोण आणि ठेकेदार कोण

पुष्कळ लोक तलाठ्याचा पंचनामा आणि विम्याचा सर्व्हे एकच समजतात. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विम्याच्या दाव्यासाठी कंपनी स्वतंत्र सर्व्हेयर नेमते. पंचनाम्याची प्रत दाव्याला जोडावी, ती उपयोगी पडते, पण तिने सर्व्हे होत नाही.

सर्व्हेयरकडे विमा नियामकाचा परवाना असतो. त्याचा परवाना क्रमांक आणि कंपनीचे नेमणुकीचे पत्र मागण्यात काही अपमान नाही. पत्र नसेल तर कंपनीला फोन करून आपल्या दाव्यावर कोण नेमला आहे ते विचारावे. त्याची फी कंपनी देते. म्हणून "सर्व्हेयर साहेबांचे काहीतरी बघावे लागेल" असे सांगून जो पैसे मागतो तो एकतर सर्व्हेयरच्या नावावर स्वतः खातो किंवा दोघे मिळून खातात. दोन्ही बाबतींत आपण द्यायचे नाही.

विमा नियामक परवाना देतो तो ब्रोकरला, सर्व्हेयरला. गिलावा करणाऱ्या ठेकेदाराला ‘दावा पास करून देण्याचा’ परवाना कुणी दिलेला नसतो. कार्डावर कंपनीचे बोधचिन्ह छापले म्हणून तो कंपनीचा माणूस होत नाही. कागद छापायला किती लागतात हे आपल्याला, ताग्यावर लेबले लावणाऱ्यांना, कुणी सांगायची गरज नाही.

कागदपत्रे पाण्यात गेली ही दुसरी भीती. "तुमचे कागद वाहून गेले, आता दावा होणार नाही, आम्ही कागद बनवून देतो," असे सांगतात. जून 2024 मध्ये विमा नियामकाने काढलेल्या मुख्य परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की केवळ कागदपत्रे नाहीत म्हणून दावा नाकारता येणार नाही. सर्व्हेयरचा अहवाल मिळवण्याची जबाबदारीही त्यात कंपनीवर टाकली आहे. पॉलिसीची प्रत कंपनीकडून किंवा बँकेकडून पुन्हा मिळते. मालाची बिले आमच्यासारख्या घाऊक व्यापाऱ्याकडून पुन्हा मिळतात, जीएसटीच्या विवरणपत्रात खरेदी दिसते, बँकेला दर महिन्याला दिलेले मालाचे स्टेटमेंट बँकेत असते. खरे कागद जमवायला आठ दिवस लागतात. ‘बनवलेला’ कागद एका दिवसात मिळतो आणि दावा बुडवतो.

बँकेचे कर्ज असेल तर आणखी एक गोष्ट. पॉलिसीत बँकेचे नाव असते आणि इमारतीच्या दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातात. "पैसे थेट तुमच्या हातात आणून देतो" असे सांगणारा ठेकेदार एकतर अडाणी आहे किंवा खोटे बोलतो. बँकेच्या मॅनेजरला पहिल्याच दिवशी कळवावे. बँकेचेही पैसे त्या भिंतींत अडकलेले असतात, म्हणून ती आपल्या बाजूने पत्र लिहिते.

सर्व्हे होईपर्यंत काय करावे

कंपनीला लगेच कळवावे आणि दावा क्रमांक लिहून घ्यावा. गाळ काढण्याआधी फोटो. पाण्याची रेघ भिंतीवर कुठवर आहे तो फोटो सर्वांत महत्त्वाचा, त्याच्याशेजारी मोजपट्टी किंवा माणूस उभा करावा. उडालेल्या छपराचे वासे, रिपा, फुटलेली कौले एका बाजूला रचून ठेवावीत.

हात जोडून बसावे असा याचा अर्थ नाही. नुकसान वाढू न देणे ही पॉलिसीचीच अट आहे. ताडपत्री टाकावी, पाणी उपसावे, पडायला आलेली भिंत टेकू देऊन धरावी, त्या खर्चाच्या पावत्या ठेवाव्यात. कायमची दुरुस्ती मात्र सर्व्हेनंतर. सर्व्हेयरला उशीर झाला आणि घरात लहान मुले आहेत, थांबणे शक्य नाही, तर कंपनीला लेखी कळवून, फोटो काढून, खराब सामानाचे नमुने ठेवून मगच काम सुरू करावे.

आता थोडे माझ्या धंद्यातले. भिजलेल्या कापडाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि रंग एकमेकांत उतरतात. त्यामुळे दुकानदार घाबरून पहिल्या येईल त्या भंगारवाल्याला सगळे ताग्यांसकट विकून टाकतो. निसर्गच्या वेळी उडालेले पत्रेही असेच किलोच्या भावाने गेले, आणि त्याच आठवड्यात नव्या पत्र्यांचा तुटवडा होता. सर्व्हेयर नुकसानीतून उरलेल्या मालाची किंमत वजा करतो. ती किंमत त्याने 40,000 धरली आणि तुम्ही 8,000 ला विकून बसलात तर 32,000 रुपये तुमच्या खिशातून गेले. भिजलेला माल मोजून, यादी करून, प्रत्येक जातीचे एक-दोन तागे नमुन्याला ठेवून, सर्व्हेयरला विचारूनच विकावा. सुती माल धुऊन, वाळवून निम्म्या भावात जातो. रेशमी आणि जरीचा जात नाही. ठेकेदाराने "गाळाबरोबर हेही उचलून नेतो, तुमचा त्रास वाचेल" म्हटले तर हा त्रास वाचवू देऊ नये.

ज्यांनी घराची ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी घेतली आहे, ती 1 एप्रिल 2021 पासून निघाली, त्यांनी काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. घराच्या इमारतीबरोबर घरातल्या सामान्य सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत, संरक्षण त्यात आपोआप असते. मलबा हटवण्याचा खर्च दाव्याच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर यांची फी 5 टक्क्यांपर्यंत मिळू शकते. म्हणजे दुरुस्तीच्या कामात सरळमार्गी इंजिनिअरची मदत घ्यायला पॉलिसीतच सोय आहे. त्यासाठी दाव्यातला चौथा हिस्सा कुणाला लिहून द्यायची गरज नाही.

अंदाजपत्रक आणि पैसे

अंदाजपत्रक कलमवार हवे. किती चौरस फूट गिलावा, किती ब्रास वाळू, कोणत्या जाडीचे किती पत्रे, किती मीटर वायर, साहित्य वेगळे, मजुरी वेगळी. ‘संपूर्ण काम’ असा ठोक आकडा सर्व्हेयर कापतोच, कारण त्याला काय कापावे हेही कळत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते. ठेकेदाराचा दर तिच्या दुप्पट असेल तर का, ते विचारावे. आपत्तीनंतर भाव वाढतात हे खरे, वाळू आणि पत्रा महाग होतो, मजूर मिळत नाही. पण तो फरक लिहून मांडता येतो.

ठेकेदार जीएसटी लावत असेल तर त्याचा पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक पाहावा. महाराष्ट्रातली नोंदणी 27 ने सुरू होते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे ते कुणालाही फुकट दिसते. हे काम घरातला दहावीतला मुलगा दोन मिनिटांत करतो. गावातल्या छोट्या मिस्त्रीकडे जीएसटी नसेल तर तो लबाड ठरत नाही. सेवांच्या कामात वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला नोंदणी सक्तीची नाही. लबाड तो, ज्याची नोंदणी नाही आणि तरी बिलात जीएसटी लावतो.

करार 500 रुपयांच्या मुद्रांकावर करावा. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात जुना 100 रुपयांचा मुद्रांक अशा कामाला चालत नाही. त्यात काम कधी सुरू, कधी पूर्ण, पैसे कोणत्या टप्प्यावर, हे यावे. बयाणा साहित्य आणण्यापुरता. पुढचे पैसे काम पाहून, खात्यात, पावतीसह. छपराच्या कामात दहावा हिस्सा एक चांगला पाऊस होईपर्यंत मागे ठेवला तर प्रामाणिक कारागीर नाही म्हणत नाही, मी विचारून पाहिले आहे. आणि करारात विम्याचा उल्लेख नसावा. दुरुस्तीचा व्यवहार मालक आणि ठेकेदाराचा, दाव्याचा व्यवहार मालक आणि कंपनीचा. हे दोन हिशेब एका वहीत आले की गोंधळ सुरू होतो.

आता कारागीर बांधवांसाठी. "दावा आला की पैसे देतो" या बोलीवर काम घेऊ नका. दावा चार महिने लांबू शकतो, कापला जाऊ शकतो, आणि तुमच्या मजुरांना दर शनिवारी हप्ता द्यायचा असतो. मालकच म्हणाला, "बिल जरा वाढवून दे, विम्याला दाखवायचे आहे," तरी देऊ नका. हे मालक पुष्कळ असतात, उगाच सगळा दोष ठेकेदारावर टाकण्यात अर्थ नाही. त्या वाढीव बिलावर तुमची सही आणि शिक्का असतो. चौकशी झाली तर मालक म्हणेल की बिल मिस्त्रीने दिले. आपत्तीनंतर बाहेरचे ठग येऊन स्वस्त बोली लावतात तेव्हा गावातल्या कारागिराचे हत्यार एकच असते. त्याचे घर गावात आहे, दुकान गावात आहे, आणि त्याने केलेली शेजारची पाच कामे कुणीही जाऊन पाहू शकतो. कलमवार अंदाज आणि पक्की पावती देण्याची सवय लावली तर सर्व्हेयर आणि बँकवालेही पुढच्या वेळी तुमचेच नाव सुचवतात.

पैसे कमी आले किंवा फसवणूक झाली तर

कंपनी पैसे देताना ‘पूर्ण आणि अंतिम’ अशा पावतीवर सही मागते. रक्कम मान्य नसेल तर त्याच वेळी लेखी हरकत कळवावी आणि प्रत ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्सच्या प्रकरणात म्हटले आहे की अशी पावती फसवून किंवा दबावाखाली घेतलेली असेल तर केवळ सही केली म्हणून पॉलिसीधारकाचा बाकीचा हक्क संपत नाही. पण दबाव होता हे दाखवावे लागते, म्हणून हरकत त्याच दिवसांतली हवी. सर्व्हेयरचा अहवाल हा शेवटचा शब्द नाही, हेही न्यायालयाने 2009 मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात सांगितले आहे. अहवालाची प्रत मागावी.

पैसे घेऊन पळालेल्या ठेकेदाराविरुद्ध पोलिसांत तक्रार करता येते. जुन्या दंड संहितेतले 420 कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 झाले आहे. काम अर्धवट किंवा निकृष्ट केले असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा धरली आहे. मुदत दोन वर्षांची आहे. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नसेल तर दोन्हीकडे हात रिकामे राहतात.

विमा कंपनीविरुद्ध आधी कंपनीकडेच लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. मुंबई आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही. एकट्याच्या मालकीची पेढी आणि सूक्ष्म उद्योगही तिथे येऊ शकतात. 2023 च्या नोव्हेंबरपासून लोकपाल 50 लाख रुपयांपर्यंतचे प्रकरण ऐकतो. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार व्यवस्थेचे फुकट क्रमांक 155255 आणि 1800 4254 732 हे आहेत. फोन करताना पॉलिसी क्रमांक, दावा क्रमांक आणि कंपनीला दिलेल्या तक्रारीची तारीख समोर ठेवावी, आणि तिकडून मिळालेला नोंदणी क्रमांक लगेच वहीत लिहावा.